दुसरा कोण आला ते आधी सांगा

९ जून १९७३ ची दुपार. न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर दीड मैलाच्या शर्यतीत घोडे उतरले होते अवघे पाच आणि लोकांचे पैसे होते जवळपास एकावरच. सेक्रेटॅरिएट. तांबूस रंगाचा, धिप्पाड, तीन पाय पांढरे, वय वर्षं तीन. गेट उघडलं तसे तो आणि शॅम नावाचा दुसरा घोडा अंगाला अंग लावून सुटले. पहिला पाऊण मैल त्यांनी १ मिनिट ९.८ सेकंदांत कापला. दीड मैल पळायचं असताना असं सुटणं म्हणजे महिन्याचा पगार पाच तारखेलाच उडवणं. शॅमचा पगार संपला. तो मागे मागे पडत गेला आणि पाचांत पाचवा आला. सेक्रेटॅरिएटचा मात्र संपेचना.

सव्वा मैलाच्या खांबाशी तो पोचला तेव्हा घड्याळात १ मिनिट ५९ सेकंद झाले होते. पाचच आठवड्यांपूर्वी केंटकी डर्बीत हे अंतर १ मिनिट ५९.४ सेकंदांत पळून त्याने त्या मैदानाचा विक्रम केला होता. इथे त्याहून कमी वेळ त्याने जाता जाता दिला, आणि पाव मैल अजून बाकीच होता. टीव्हीच्या कॅमेऱ्यात त्याला आणि मागच्या घोड्यांना एकत्र दाखवायचं तर चित्र दूर दूर न्यावं लागलं. जॉकी रॉन टरकॉट मान वळवून मैदानातल्या घड्याळाकडे बघतोय, असं त्या दिवशीचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. मागे बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वेळ २ मिनिटं २४ सेकंद, अंतर ३१ लेंथ. एक लेंथ म्हणजे घोड्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, साधारण आठ फूट. म्हणजे दुसरा घोडा पाऊणशे मीटर मागे.

दोन डॉलरच्या तिकिटावर दोन डॉलर वीस सेंट मिळणार होते. ५,६१७ लोक ते घ्यायला खिडकीवर गेलेच नाहीत. तिकीट त्यांनी आठवण म्हणून जपून ठेवलं.

एवढं झाल्यावर वाद कशाला उरावा? पण उरला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ‘ब्लड-हॉर्स’ या घोड्यांच्या जुन्या साप्ताहिकाने विसाव्या शतकातल्या शंभर घोड्यांची यादी जाणकारांकडून करून घेतली, तेव्हा सेक्रेटॅरिएट आला दुसरा. पहिला आला मॅन ओ वॉर, १९१७ साली जन्मलेला, १९१९ आणि १९२० अशी दोनच वर्षं पळालेला. दोघांची गाठ कधी पडणं शक्य नव्हतं. एक १९४७ मध्ये गेला, दुसरा १९७० मध्ये जन्मला. मग ठरवलं कशावरून?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या ओठावर असतं: घड्याळ. आपल्याकडे जुन्नर, आंबेगाव, खेडच्या घाटात बैलगाडा याच न्यायाने पळतो. एका वेळी एकच गाडा सुटतो, सेकंद मोजले जातात आणि ज्याचे सेकंद सगळ्यांत कमी तो घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडे वेगळा न्याय. तिथे गाड्या एकमेकींच्या शेजारी आपापल्या चाकोरीतून सुटतात, गट पडतात, सेमी होते, फायनल होते. तिकडे सेकंद कोणी विचारत नाही, कोणाला मागे टाकलं एवढंच विचारतात. घोड्यांच्या जगातला सगळा वाद या दोन न्यायांमधलाच आहे, फक्त त्यात डॉलर जास्त आहेत.

घड्याळवाल्यांची बाजू भक्कम वाटते. बेलमाँटचे ते २ मिनिटं २४ सेकंद पन्नास वर्षं उलटली तरी कोणी गाठलेले नाहीत. त्याआधीचा त्या शर्यतीचा विक्रम होता २ मिनिटं २६.६ सेकंदांचा, १९५७ चा. त्यानंतरची त्याच शर्यतीतली सर्वोत्तम वेळ दोन मिनिटं सव्वीस सेकंद, तीही दोनच घोड्यांना जमली, १९८९ मध्ये ईझी गोअरला आणि १९९२ मध्ये ए. पी. इंडीला. दोन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण एका सेकंदात घोडा साधारण पाच लेंथ जातो. म्हणजे हे दोघे त्या दिवशी शर्यतीत असते तरी दहा लेंथ मागेच राहिले असते.

पण घड्याळावर विश्वास ठेवायचा तर त्याच घोड्याची डर्बी आणि बेलमाँट यांच्या मधली शर्यत आठवावी. बाल्टिमोरची प्रीकनेस, मे १९७३. पहिल्या वळणावर शेवटून सुटून सेक्रेटॅरिएटने एका दमात सगळ्यांना मागे टाकलं. विजेवर चालणाऱ्या घड्याळाने वेळ दाखवली १ मिनिट ५५ सेकंद. ती चुकीची आहे हे तिथल्या तिथेच उमगलं. मैदानावर हातात स्टॉपवॉच घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याची वेळ होती १ मिनिट ५४.४, तीच मग अधिकृत ठरली. ‘डेली रेसिंग फॉर्म’ या वृत्तपत्राच्या माणसांनी स्वतंत्रपणे घेतलेली वेळ १ मिनिट ५३.४. एका घोड्याच्या एका धावेला तीन वेळा! मालकीणबाई पेनी चेनरी यांनी हा विषय सोडला नाही. शेवटी चित्रफिती तपासून २०१२ मध्ये, म्हणजे ३९ वर्षांनी आणि घोडा मरून २३ वर्षं झाल्यावर, मेरीलँडच्या आयोगाने वेळ बदलून १ मिनिट ५३ सेकंद केली. तेव्हापासून तिन्ही मोठ्या शर्यतींचे विक्रम त्याच्याच नावावर आहेत.

घड्याळ बरोबर असलं तरी ते फक्त घोडा मोजत नाही, मातीही मोजतं. पावसाने दाबलेली, रोलर फिरवलेली, वाळू जास्त टाकलेली, अशी माती रोज वेगळी असते. शिवाय अमेरिकेत गेट उघडल्याबरोबर घड्याळ सुरू होत नाही. घोडे काही अंतर पळून एका खांबापाशी आले की सुरू होतं, आणि हे फुकटचं अंतर मैदानागणिक बदलतं. युरोपात तर घड्याळाला विचारतंय कोण? तिथे गवतावर पळतात, अर्धी शर्यत दबून जातात आणि शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत जीव काढतात. तिथल्या एखाद्या महान घोड्याची एकूण वेळ पाहिली तर तो सकाळी फिरायला निघाल्यासारखा वाटेल.

म्हणून दुसरे लोक म्हणतात, अंतर बघा, किती लेंथने जिंकला ते. या मापाने मॅन ओ वॉरला तोड नाही. १९२० मधली लॉरेन्स रिअलायझेशन ही शर्यत तो शंभर लेंथने जिंकला असं पुस्तकांत छापलेलं असतं. शंभर! पण त्या दिवशी त्याच्यासमोर होता एकच घोडा, हूडविंक नावाचा, आणि त्याचं नाव आज केवळ या एका पराभवामुळे कोणाला तरी माहीत आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं मॅन ओ वॉरला म्हणायचा माझा हेतू नाही. तो गायही नव्हता आणि लंगडा तर नव्हताच, त्या धावेत त्याने जगाचा विक्रम मोडला होता. पण शंभर लेंथ या आकड्यात मॅन ओ वॉर किती आणि हूडविंक किती, हे वेगळं काढता येत नाही.

तिसरं माप वजनाचं. महालक्ष्मीला किंवा पुण्याला हातात रेसबुक धरून उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. घोड्याच्या नावापुढे किलोचा आकडा असतो. जॉकी आणि खोगीर मिळून तेवढं वजन भरायला हवं, कमी पडलं तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात. हँडिकॅपच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात, कच्च्यावर कमी, म्हणजे सगळे एका रेषेत यावेत. महानपणाची ही मोठी कठोर परीक्षा आहे, कारण ती यशाची शिक्षा आहे. ऑस्ट्रेलियात फार लॅप नावाचा घोडा १९३० चा मेलबर्न कप जिंकला, तेव्हा त्याच्यावर साडेबासष्ट किलो होते. पुढच्या वर्षी त्याच्यावर ६८ किलो लादले, आणि तो आठवा आला. देवमाणूस झाला तरी पाठीवर पोतं टाकलं की वाकतोच.

मॅन ओ वॉरने तीन वर्षांच्या कोवळ्या वयात १३८ पाउंड, म्हणजे साडेबासष्ट किलोंच्या वर, घेऊन शर्यत जिंकली आहे. आयुष्यात तो एकदाच हरला, साराटोगाला १९१९ मध्ये, अपसेट नावाच्या घोड्याकडून. तेव्हा त्याच्यावर १३० पाउंड होते आणि अपसेटवर ११५, शिवाय सुरुवातच वाईट झाली आणि पुढे तो घोड्यांच्या घोळक्यात कोंडला गेला. सेक्रेटॅरिएटवर १२६ पाउंडांहून जास्त वजन कधी पडलंच नाही. हा त्याच्या विरोधातला सगळ्यांत सरळ मुद्दा आहे आणि माझ्या मते त्याला उत्तर नाही.

म्हणजे कारण आहे, उत्तर नाही. १९७३ च्या जानेवारीत घराण्याचे कर्ते ख्रिस्तोफर चेनरी वारले, वारसा कर डोक्यावर आला. मुलीने, म्हणजे पेनीबाईंनी, घोड्याचे ३२ वाटे करून प्रत्येक वाटा १ लाख ९० हजार डॉलरला विकला. एकूण ६० लाख ८० हजार डॉलर, त्या काळात कोणत्याही घोड्याला मिळाले नव्हते एवढे. अट एकच: तीन वर्षांचा हंगाम संपला की घोडा पळवायचा नाही, स्टड फार्मवर पाठवायचा. लक्षात घ्या, हा सौदा झाला तेव्हा डर्बीसुद्धा व्हायची होती. ज्या वयात घोडा पूर्ण भरतो, ज्या वयात त्याच्यावर पोतं टाकून बघतात, ते वय त्याने कुरणात काढलं.

त्याच्याच डर्बीत चौथा आलेला एक घोडा मात्र पळत राहिला. नाव फोरेगो. तो खच्ची केलेला होता, त्यामुळे त्याचं वीर्य विकायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या पायांचं दुखणं कधी गेलं नाही, तरी तो सात-आठ वर्षांचा होईपर्यंत पळाला आणि सलग तीन वर्षं अमेरिकेतला वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. १९७६ च्या मार्लबरो कपमध्ये त्याच्यावर १३७ पाउंड आणि समोरच्या ऑनेस्ट प्लेझरवर ११९. चिखलात, रुंद मैदानाच्या बाहेरच्या बाजूने येऊन त्याने शेवटच्या उडीत केवळ डोक्याएवढ्या फरकाने ती शर्यत काढली. बेलमाँटचे ३१ लेंथ आणि हे एक डोकं समोर ठेवलं तर यातलं मोठं काय, हे मला कोणी रात्री उठवून विचारलं तर मी पटकन उत्तर देणार नाही.

‘कधी हरलाच नाही’ हे चौथं माप, आणि सगळ्यांत फसवं. हंगेरीची किनचेम ही घोडी १८७६ ते १८७९ या काळात ५४ शर्यती पळाली आणि ५४ जिंकली, युरोपभर रेल्वेने हिंडून. ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हियर २५ पैकी २५, पण तिच्या शर्यती छोट्या पल्ल्याच्या. तिच्याच देशाची विंक्स ३३ शर्यती ओळीने जिंकली आणि चार वेळा कॉक्स प्लेट घेऊन गेली, पण त्या रांगेच्या आधी ती सहा वेळा हरलेली आहे. मग विंक्स लहान झाली का? न हरणं हे बऱ्याचदा मालकाच्या सावधपणाचंही माप असतं. जो घोडा ताप असताना उतरवला नाही, परक्या देशात नेला नाही, मोठ्या पल्ल्यावर घातला नाही, त्याच्या खात्यावर पराभव यायचा तरी कुठून?

सेक्रेटॅरिएटचं खातं स्वच्छ नाही. २१ शर्यती, १६ विजय. बेलमाँटनंतर दोन महिन्यांच्या आत साराटोगाला ओनियन नावाच्या फारशा कोणी न ऐकलेल्या घोड्याने त्याला हरवलं. त्याला ताप होता, असं नंतर सांगितलं गेलं, आणि ते खरंही असावं. पण नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणाऱ्यांना तेवढं निमित्त पुरतं. सप्टेंबरात प्रूव्ह आउटने त्याला चार लेंथहून अधिक अंतराने मागे टाकलं. दोन्ही घोडे एकाच ट्रेनरचे, ॲलन जर्कन्स यांचे. बलाढ्य घोड्यांना धूळ चारणारा म्हणूनच त्यांची ख्याती होती. आता इथे घड्याळ उपयोगी पडतं. प्रूव्ह आउटने त्या दिवशी दीड मैल २ मिनिटं २५.८ सेकंदांत कापला. म्हणजे तो आला-गेला घोडा नव्हता, निदान त्या दिवशी तरी. पराभव कोणाकडून आणि कसा, हे विचारल्याशिवाय पराभवाचा अर्थ लागत नाही.

या सगळ्याची मोट बांधायचा प्रयत्न ब्रिटनमध्ये ‘टाइमफॉर्म’ ही संस्था १९४८ पासून करते आहे. कल्पना सोपी आहे. ‘अ’ने ‘ब’ला तीन लेंथने हरवलं, ‘ब’ने ‘क’ला दोनने, तर ‘अ’ आणि ‘क’ न भेटताही त्यांच्यातलं अंतर काढता येतं. लेंथचे पाउंड करायचे: छोट्या पल्ल्यावर एक लेंथ म्हणजे साधारण तीन पाउंड, लांब पल्ल्यावर एक-दीड. वाहिलेलं वजन त्यात धरायचं, वय धरायचं, आणि प्रत्येक घोड्याला एक आकडा द्यायचा. इंग्लंडच्या फ्रँकेलला त्यांनी दिला १४७, तो आजवरचा सर्वांत मोठा. १९६५ च्या फ्रान्सच्या सी बर्डला १४५.

पण हेही गणित माणसंच करतात. जगभरच्या हँडिकॅपरांची एक वेगळी अधिकृत यादी असते. तिच्यात १९८६ च्या डान्सिंग ब्रेव्हला १४१ होते. २०१२ चा हंगाम संपल्यावर फ्रँकेलला त्यांनी दिले १४०, आणि त्याच वेळी जुने आकडे जरा सैल हाताने दिले गेले होते असं ठरवून डान्सिंग ब्रेव्हचे केले १३८. वर्षानुवर्षं गवत खाऊन मेलेला घोडा एका सकाळी तीन पाउंडांनी हलका झाला! त्यांचा युक्तिवाद चुकीचा होता असं मी म्हणत नाही. चलनवाढ आकड्यांनाही होते. पण ज्या मापाची पट्टीच मागाहून कापता येते, त्याने कायमचा निकाल लागत नाही.

त्या गणितातली एक गोष्ट मात्र मला पूर्ण पटते. त्याचा सगळा भार हरलेल्या घोड्यांवर असतो. फ्रँकेल १४ पैकी १४ जिंकला, पण इंग्लंडबाहेर कधी गेला नाही आणि सव्वा मैलाच्या फार पलीकडे कधी पळाला नाही. तरी त्याला १४७ का? उत्तर एक्सेलेब्रेशन या घोड्यात आहे. तो फ्रँकेलसमोर पाच वेळा उभा राहिला, पाचही वेळा हरला, त्यातल्या एकदा ११ लेंथने. आणि फ्रँकेल नसेल त्या दिवशी हाच घोडा फ्रान्समधल्या आणि इंग्लंडमधल्या सर्वोच्च दर्जाच्या शर्यती जिंकत होता. फ्रँकेलची उंची आपल्याला एक्सेलेब्रेशनच्या खांद्यावर फूटपट्टी ठेवून कळते. सी बर्डचंही तसंच. फ्रान्समधल्या आर्क शर्यतीत त्याच्यामागे सहा लेंथने दुसरा आला रिलायन्स, आणि रिलायन्स आयुष्यात तेवढ्या एकाच शर्यतीत हरला. म्हणून कोणी मला महान घोड्याचं नाव सांगितलं की मी आधी विचारतो, दुसरा कोण होता?

सेक्रेटॅरिएटच्या बाबतीत उत्तर आहे शॅम. केंटकी डर्बीत गेट उघडताना तोंड आपटून त्याचे दोन दात हलले, रक्त येत होतं. तशात तो सेक्रेटॅरिएटच्या अडीच लेंथ मागे आला. हिशेब केला तर त्यानेही ते अंतर दोन मिनिटांच्या आत कापलं होतं. डर्बीच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात दोन मिनिटांच्या आत जिंकलेले घोडे दोनच आहेत, सेक्रेटॅरिएट आणि २००१ चा मोनार्कोस. म्हणजे जवळपास इतर कुठल्याही वर्षी जन्मला असता तर शॅम डर्बी जिंकला असता. प्रीकनेसलाही तो दुसराच. आणि बेलमाँटला त्याने जे केलं ते मला त्या दिवशीच्या ३१ लेंथइतकंच लक्षात राहतं: दोनदा हरल्यावर तिसऱ्यांदा तो दबून बसला नाही, पहिल्या पावलापासून अंगाला अंग लावून पळाला आणि त्यात मोडला. जुलैमध्ये त्याच्या पुढच्या पायाचं हाड तडकल्याचं दिसलं. तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही.

म्हणून माझा कौल असा. टिकून राहण्याला, वजन वाहण्याला महान म्हणायचं असेल तर फोरेगो आणि मॅन ओ वॉर सेक्रेटॅरिएटच्या पुढे आहेत. पण एका घोड्याने एका दिवशी काय केलं असं विचाराल, तर घड्याळ, अंतर आणि समोरचा घोडा ही तीन मापं एकाच वेळी एकच गोष्ट सांगतात असा दिवस मला ९ जून १९७३ खेरीज माहीत नाही.

राहता राहिलं काळीज. सेक्रेटॅरिएटचं काळीज २२ पाउंडांचं होतं, म्हणजे दहा किलोंचं, नेहमीच्या घोड्याच्या दुपटीहून मोठं, असं त्याच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात असतं. ऑक्टोबर १९८९ मध्ये खुरांच्या दुखण्याने त्याला मरण द्यावं लागलं, तेव्हा केंटकीतल्या डॉ. थॉमस स्वर्चेक यांनी त्याची तपासणी केली. काळीज निरोगी होतं, अफाट मोठं होतं, पण ते त्यांनी तराजूवर ठेवलंच नाही. चार वर्षांनी, १९९३ मध्ये, आणखी एक घोडा त्यांच्यापुढे आला. त्याचं काळीज त्यांनी तोललं आणि त्यावरून आठवून सेक्रेटॅरिएटचं २२ पाउंड असावं असा अंदाज सांगितला. ज्याचं खरोखर तोललं ते भरलं १८ पाउंड. तो घोडा शॅम होता.